विषाच्या पंगतीचा यजमान

१९०२ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेच्या राजधानीत एका सरकारी कचेरीच्या तळघरात एक खानावळ सुरू झाली. जेवणारे बारा. सगळे तरुण, धडधाकट, बहुतेक शेतकी खात्यातच नोकरीला असलेले. जेवण उत्तम आणि फुकट. ताजे मांस, बटाटे, पाव, लोणी, दूध, फळे, कॉफी, सगळे पारखून आणलेले. अटी मात्र चमत्कारिक होत्या. या खानावळीबाहेर अन्नाचा कणही तोंडात घालायचा नाही. प्रत्येक जेवणाआधी वजन, नाडी आणि अंगातला ताप मोजून द्यायचा. मलमूत्र गोळा करून प्रयोगशाळेत आणून द्यायचे. आणि पुढे काही बरेवाईट झाले तर सरकारवर दावा लावणार नाही, असे आधीच लिहून द्यायचे.

कारण त्या सुग्रास ताटात कुठे ना कुठे टाकणखार घातलेला असे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आपल्याकडे सोनाराच्या भट्टीत असतो तो.

वर्तमानपत्रवाल्यांना वास लागायला वेळ लागला नाही. त्यांनी या बारा जणांचे नाव विषपथक ठेवले आणि तेच कायम झाले. त्यांच्यावर विनोद झाले, गाणी झाली. या पंगतीचा यजमान होता अठ्ठावन्न वर्षांचा एक सहा फुटी, भरदार अंगाचा ब्रह्मचारी गृहस्थ, अमेरिकन शेतकी खात्याचा मुख्य रसायनज्ञ डॉ. हार्वी वॉशिंग्टन वायली. अमेरिकेत त्यांना शुद्ध अन्नाच्या कायद्याचे जनक म्हणतात. त्यांच्या चेहऱ्याचे टपाल तिकीटही १९५६ साली निघाले.

बँकेत जन्म घालवलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला या रसायनज्ञाचे काय, असे कोणी विचारील. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण बँकेत मी जे केले त्याला जोखीम मोजणे म्हणतात. समोरचा माणूस कर्ज फेडील का, नाही फेडले तर किती बुडेल, आणि बुडाले तर ते कोणाचे, हे तीन प्रश्न मी हजारो अर्जांवर विचारले. वायलींचे चरित्र वाचताना लक्षात आले की या गृहस्थाने हेच तीन प्रश्न देशाच्या जेवणाच्या ताटाला विचारले होते. त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांचे चुकले आणि एकाचे इतके बरोबर आले, की ते पचवायला त्यांच्या देशाला तीस-पस्तीस वर्षे लागली.

वायलींचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ चा, इंडियाना राज्यातला, लाकडी ओंडक्यांच्या घरातला. वडील शेतकरी, अधूनमधून धर्मोपदेश करणारे. सात भावंडांत हार्वी सहावे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ते थोडे दिवस सैन्यात होते. मग हॅनोव्हर कॉलेजातून १८६७ साली पदवी, १८७१ साली डॉक्टरकी आणि १८७३ साली हार्वर्डची विज्ञानाची पदवी. डॉक्टर होऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. नव्यानेच निघालेल्या पर्ड्यू विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकवू लागले. तिथे ते विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळत आणि आखूड विजार घालून सायकलवरून हिंडत. प्राध्यापकाला हे शोभत नाही म्हणून विश्वस्तांनी त्यांची कानउघाडणी केली, तेव्हा त्यांनी जागच्या जागी राजीनामा लिहून पुढे ठेवला. विश्वस्तांनी तो घेतला नाही, ही गोष्ट वेगळी. पण हा माणूस सरकारी नोकरीत कसा वागणार, याची चुणूक त्यात दिसते.

१८७८ साली ते जर्मनीला गेले. साखरेच्या द्रावणातून जाणारा प्रकाश किती वळतो यावरून साखर कोणती ते ओळखणारे एक यंत्र असते. ते वापरायला वायली बर्लिनमध्ये शिकले. परत आल्यावर त्यांनी बाजारातले मध आणि पाक तपासले, तर मधाच्या नावाखाली मक्यापासून केलेला ग्लुकोजचा पाक सर्रास विकला जात होता. हा पाक काही विष नव्हता. वायलींचा राग होता तो खोट्या नावावर. घेणाऱ्याला आपण काय घेतो ते कळले पाहिजे, हे त्यांचे पहिले तत्त्व इथे तयार झाले.

हे वाचताना मला कोल्हापूरकडचा गूळ आठवला. गुळाच्या तारणावर आम्ही कर्जे देत असू, त्यामुळे सौद्याला उभे राहणे हा कामाचाच भाग होता. पिवळाधमक रवा दिसला की अडत्यांचा भाव चढे, आणि काळसर, पण चवीला सरस रवा मागे पडे. पिवळा रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर टाकणारे गुऱ्हाळवाले होते. हायड्रॉस म्हणजे गंधकाचेच एक संयुग. गुऱ्हाळवाल्याला दोष देणे सोपे आहे, पण गिऱ्हाइकाला रंग हवा असतो आणि व्यापार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघून चालतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर चालले होते.

शेतातले माणूस शहरात आले होते. दूध, मांस, भाजी शेकडो मैलांवरून आगगाडीने येऊ लागली होती. बर्फ महाग, घरगुती शीतकपाटे जन्माला यायची होती. तेव्हा माल टिकवायला रसायने आली. दुधात फॉर्माल्डिहाइड, म्हणजे प्रेते टिकवायला वापरतात ते. मांसात आणि लोण्यात टाकणखार. डब्यातला वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून त्यात मोरचूद. मसाल्यांत नारळाच्या करवंट्यांचा भुगा. लहान मुले शांत झोपावीत म्हणून विकल्या जाणाऱ्या सिरपांत मॉर्फिन, आणि बाटलीवर त्याचा उल्लेखही नाही.

१८८३ साली वायली वॉशिंग्टनला शेतकी खात्याचे मुख्य रसायनज्ञ झाले. १८८७ पासून त्यांच्या कचेरीतून अन्नातल्या भेसळीवर एकामागून एक अहवाल निघू लागले. दोन प्रयोगशाळांनी एकच नमुना तपासला तर उत्तर एकच यावे, म्हणून तपासणीच्या पद्धती ठरवणारी सरकारी रसायनज्ञांची संघटना १८८४ साली निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. काम रूक्ष वाटेल, पण त्याशिवाय कोर्टात एक खटला उभा राहत नाही. अहवाल मात्र कपाटात जात होते. १८८० पासूनच्या पंचवीस वर्षांत अन्न आणि औषधांबद्दलची शंभराहून अधिक विधेयके अमेरिकन काँग्रेसपुढे आली आणि बहुतेक सगळी बारगळली. कारखानदारांचा सवाल एकच होता. आमच्या पदार्थात टाकणखार आहे, कबूल. पण त्याने कोणाला अपाय होतो, याचा पुरावा कुठे आहे?

सवाल रास्त होता. पुरावा नव्हताच. तो मिळवण्यासाठी वायलींनी १९०२ साली काँग्रेसकडून पाच हजार डॉलर मंजूर करून घेतले आणि तळघरात पंगत मांडली.

प्रयोगाची मांडणी त्या काळाच्या मानाने नेटकी होती. आधी काही दिवस शुद्ध अन्न. मग काही दिवस तेच अन्न, पण रसायनासकट. मग पुन्हा शुद्ध. तिन्ही टप्प्यांतल्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या. टाकणखार सुरुवातीला लोण्यात लपवला होता. थोड्याच दिवसांत मंडळी लोण्याला हात लावीनाशी झाली. दुसऱ्या पदार्थात घातला तर तो पदार्थ ताटात तसाच राहू लागला. शेवटी लपवाछपवी सोडून तो सरळ कॅप्सूलमध्ये भरून जेवणाबरोबर द्यायला सुरुवात झाली. भूक मरणे, डोके धरणे, पोटात कालवणे अशा तक्रारी लिहिल्या जाऊ लागल्या. टाकणखारानंतर सॅलिसिलिक आम्ल, गंधकाची संयुगे म्हणजे सल्फाइट, बेंझोएट, फॉर्माल्डिहाइड, मोरचूद आणि सोरा यांच्या पाळ्या आल्या. काही पाळ्यांत माणसे इतकी आजारी पडू लागली की प्रयोग आवरता घ्यावा लागला. १९०७ पर्यंत हे चालू होते.

प्रयोगात उणिवा होत्या. आपण काय खातो आहोत हे खाणाऱ्याला ठाऊक, आणि देणाऱ्यालाही ठाऊक. पोटात कालवते ते टाकणखाराने की टाकणखाराच्या धास्तीने, हे वेगळे करायची सोय नव्हती. मात्रा पुष्कळदा रोजच्या जेवणातल्यापेक्षा जास्त होत्या. माणसे बाराच. आणि पुढे दहा-वीस वर्षांनी त्यांच्या प्रकृतीचे काय झाले, याचा पद्धतशीर मागोवा घेतला गेला नाही.

पण वायलींनी धडधाकट तरुण निवडले, यामागे एक हिशेब होता. या वयात माणसाला दगड पचतो. तरीही ही मुले आजारी पडत असतील, तर तान्ह्या बाळाचे, बाळंतिणीचे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे काय होईल? वायलींच्या डोळ्यांसमोर सरासरी माणूस नव्हता, घरातला सर्वांत अशक्त माणूस होता. मला त्यांच्या साऱ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

वर्तमानपत्रांतून विषपथक घरोघरी पोहोचले. शास्त्रीय अहवालांनी झाले नव्हते ते या बातम्यांनी झाले. वायली गावोगाव व्याख्याने देत फिरले आणि त्यांची खरी फौज निघाली ती महिला मंडळांची. या बायकांना अजून मताचा अधिकार नव्हता, पण स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होते. त्यांनी लोकप्रतिनिधींवर पत्रांचा पाऊस पाडला. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी आली आणि लोकांना अन्न जाईना. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. भेसळीचा आणि खोट्या नावाचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी आली. अफू, मॉर्फिन, कोकेन, दारू असे अकरा घटक औषधात असतील तर ते बाटलीवर छापणे सक्तीचे झाले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण कर्ज मंजूर झाल्यावर खरे काम सुरू होते, हे बँकेतला कारकूनही सांगेल.

कायद्यात एक मोठी फट होती. माल आधी बाजारात येणार, आणि तो अपायकारक आहे हे सरकारने नंतर सिद्ध करायचे. शिवाय किती प्रमाण चालेल, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. वायलींचे मत सरळ होते. जे अन्न नाही आणि ज्यावाचून अडत नाही, ते अन्नात घालूच नये, थोडेही नको. कारखानदार म्हणत, चिमूटभराने काय होते? दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. हेन्झसारख्या एखाद्या कंपनीने बेंझोएटशिवाय टोमॅटो केचप करून दाखवले आणि वायलींची बाजू घेतली, पण तो अपवाद.

जानेवारी १९०८ मध्ये कारखानदारांचे गाऱ्हाणे ऐकायला रूझवेल्ट यांनी बैठक बोलावली. बेंझोएटपुरते वायलींचे म्हणणे त्यांना पटत चालले होते. तेवढ्यात एका कारखानदाराने सॅकरीनचा विषय काढला. साखरेऐवजी सॅकरीन वापरून डबाबंद मक्यात आपल्या कंपनीने वर्षाला चार हजार डॉलर वाचवले, असे त्याने अभिमानाने सांगितले. वायलींना राहवले नाही. न विचारताच ते मध्ये बोलले, की खाणाऱ्याला वाटते आपण साखर खातो, आणि प्रत्यक्षात त्याच्या पोटात डांबरापासून काढलेला एक निःसत्त्व आणि अपायकारक पदार्थ जातो. रूझवेल्ट उसळले. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरीन देत होते. सॅकरीन अपायकारक म्हणणारा मूर्ख आहे, असे त्यांनी सर्वांदेखत सुनावले. दुसऱ्याच दिवशी वायलींच्या डोक्यावर तज्ज्ञांची एक समिती बसवायचे ठरले. अध्यक्ष नेमले ते आयरा रेमसन, ज्यांच्या प्रयोगशाळेत १८७९ साली सॅकरीनचा शोध लागला होता.

कर्ज मागणाऱ्याच्या घरच्यांनाच तारणाची किंमत ठरवायला बसवावे, तसा हा प्रकार. वायली जन्मभर त्याबद्दल कडवट राहिले. तरीही आज मागे वळून पाहताना मान्य करावे लागते, की समितीने विचारलेला प्रश्न अडाणी नव्हता. तिने मात्रेचा प्रश्न विचारला. बेंझोएट थोड्या प्रमाणात निरुपद्रवी आहे असा निर्णय तिने १९०९ साली दिला. सॅकरीनबद्दल पुढे सांगितले, की दिवसाला ०.३ ग्रॅमपर्यंत अपाय दिसत नाही, त्यापुढे पचन बिघडू शकते. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्सस सांगून गेला होता. आपले वैद्यही बचनागासारखे जहाल विष शुद्ध करून गुंजांच्या मापाने देत आले आहेत. वायलींना विष कळत होते, पण मात्रेशी त्यांनी कधी नीट तडजोड केली नाही. हे त्यांचे चुकलेले उत्तर.

तीच अडचण कोका-कोलाच्या खटल्यात आली. मालाचे चाळीस बॅरल आणि वीस पिंपे जप्त झाली होती, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे आरोपी म्हणून नाव लागले ते या पिंपांचे. १९११ साली टेनेसीतल्या चॅटनूगा गावी तो चालला. मुद्दा कॅफिनचा. मुलेही हे पेय पितात, हे वायलींचे दुखणे. कंपनीने हॉलिंगवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडून सोळा माणसांवर चाळीस दिवस प्रयोग करवून घेतला. त्यात कॅप्सूलमध्ये कॅफिन आहे की नाही, हे घेणाऱ्याला माहीत नव्हते आणि देणाऱ्यालाही नव्हते. पैसा कंपनीचा, पण पद्धत विषपथकाच्या कितीतरी पुढची. न्यायाधीशांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. १९१६ साली वरच्या कोर्टाने तो फिरवला. मग तडजोड झाली आणि कंपनीने कॅफिन कमी केले.

मधल्या काळात वायलींच्या घरात एक आनंदाची गोष्ट घडली होती. दहा-एक वर्षांपूर्वी त्यांनी ॲना केल्टन नावाच्या तरुणीला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होती. फेब्रुवारी १९११ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी तिच्याशीच लग्न केले. पुढे त्यांना दोन मुलगे झाले. ॲनाबाई स्वतः स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या. १९१७ साली त्यांना त्यासाठी अटकही झाली.

कचेरीत मात्र कोंडी वाढत गेली. एका तज्ज्ञाचा मेहनताना नियमाबाहेर दिला, असे बालंट वायलींवर आले. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवले, पण मन उडाले ते उडालेच. १५ मार्च १९१२ रोजी, एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी राजीनामा दिला. या वेळी तो स्वीकारला गेला. गृहिणींच्या गुड हाउसकीपिंग मासिकाने त्यांना प्रयोगशाळा उभारून दिली. ज्या बायकांनी कायदा करून घेतला, त्यांच्याचसाठी ते अखेरपर्यंत पदार्थ तपासत आणि लिहीत राहिले. ३० जून १९३० रोजी ते वारले. कायद्यावर सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर चोवीस वर्षे झाली होती.

त्यांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्यामागे तुकड्यातुकड्यांनी मिळाली. पहिला तुकडा त्यांच्या हयातीतच, १९१४ साली आला. रसायनाने पांढऱ्या केलेल्या पिठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विषारी घटक नुसता असून चालणार नाही, त्या प्रमाणात त्याने अपाय होण्याचा संभव हवा. म्हणजे मात्रा महत्त्वाची. पण संभव मोजताना केवळ तगड्या माणसाचा विचार करू नका. मुले, म्हातारे, आजारी यांच्यापैकी कोणालाही अपाय होऊ शकत असेल तरी तो अपायच. वायलींचे विरोधक आणि वायली, दोघांचेही शहाणपण त्या एका निकालात आले.

दुसरा तुकडा फार महाग पडला. १९३७ साली अमेरिकेत घशाच्या आजारावरचे एक नवे पातळ औषध आले. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव वापरले होते. शंभरहून अधिक माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले. विकण्याआधी ते सुरक्षित आहे का हे तपासायचे बंधन निर्मात्यावर नव्हतेच. १९३८ च्या नव्या कायद्याने ओझे फिरले. औषध सुरक्षित असल्याचा पुरावा आधी निर्मात्याने द्यायचा. १९५८ साली अन्नात घालायच्या रसायनांनाही हा नियम लागला. वायलींचे बरोबर आलेले उत्तर हे. धोका पत्करणारा एक आणि नफा घेणारा दुसरा असेल, तर पुराव्याची जबाबदारी नफा घेणाऱ्याची.

तिसरा तुकडा बँकवाल्याला चटकन कळेल असा आहे. शंभर रुपयांच्या गुळावर आम्ही शंभर रुपये कर्ज कधीच देत नसू. पंचवीस-तीस रुपये मार्जिन ठेवत असू, कारण उद्याचा भाव कोणाला ठाऊक? अमेरिकन अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू या दोघांनी १९५४ साली विषशास्त्रात असेच मार्जिन मांडले. प्राण्यांना ज्या मात्रेने काही होत नाही, तिचा शंभरावा भाग माणसासाठी सुरक्षित धरायचा. पुढे या शंभराची फोड दहा गुणिले दहा अशी केली गेली. पहिले दहा, प्राणी आणि माणूस यांत फरक आहे म्हणून. दुसरे दहा, माणसामाणसांत फरक आहे म्हणून. कीटकनाशकांसाठी १९९६ साली लहान मुलांकरिता आणखी दहाची पट ठेवण्यात आली. हे दुसरे आणि तिसरे दहा म्हणजे वायलींच्या डोळ्यांपुढचा अशक्त माणूस, आकड्यात उतरलेला.

आणि सॅकरीन? १९७७ साली उंदरांच्या मूत्राशयात त्याने कर्करोग होतो असे दिसले आणि बंदीचा प्रस्ताव आला. लोकांनी ओरड केली, बंदी टळली, पाकिटांवर इशारा छापला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी खोलात जाऊन पाहिले, तर नर उंदराच्या मूत्राची घडणच अशी, की भरपूर सॅकरीनने त्यात खडे होतात आणि मूत्राशय घासले जाते. माणसात तसे होत नाही. २००० साली सॅकरीन संशयितांच्या यादीतून बाहेर आले. म्हणून आता नुसता उंदीर आजारी पडला का, एवढे पाहून भागत नाही. का पडला, ते विचारावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली हीच दिशा दाखवली. माणसाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर हजारो रसायने तपासायची, संगणकाला हिशेब करायला लावायचा, प्राणी शक्य तितके वगळायचे. औषधाला मंजुरी हवी तर प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे, ही अट तिथल्या २०२२ च्या कायद्याने काढून टाकली. तळघरातल्या बारा माणसांच्या जागी उंदीर आले होते, आता उंदरांच्या जागी पेशी येऊ लागल्या आहेत.

वायलींच्या त्या सात रसायनांचा आजचा खातेउतारा पाहण्यासारखा आहे. टाकणखार आणि फॉर्माल्डिहाइड यांना अमेरिकेत आणि आपल्याकडेही अन्नात बंदी आहे. सल्फाइट मर्यादेत चालतात, पण दमेकऱ्यांना त्याने झटका येतो आणि काही दगावले, म्हणून १९८६ साली अमेरिकेत ताज्या भाज्या-फळांवर ते फवारायला बंदी आली. सोरा मोजून वापरतात. आणि बेंझोएट तर आपल्या घरातल्या सॉसच्या बाटलीवर, आय.एन.एस. २११ या नावाने बसलेले आहे. काही ठिकाणी वायली बरोबर, काही ठिकाणी रेमसन.

हे सगळे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. १९३७ साली अमेरिकेत ज्या द्रवाने माणसे मेली, त्याच डायएथिलीन ग्लायकॉलने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा बळी घेतला. औषधी ग्लिसरीन म्हणून आलेल्या मालात ते होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ते सगळे प्रकरण उघडे केले. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून पुन्हा तेच द्रव आले. उपचाराला नागपुरात आणलेली कित्येक मुले वाचली नाहीत.

या द्रवाची सुरक्षित मात्रा कोणती, याबद्दल आज जगात वाद नाही. पेशींच्या बशा, संगणक, शंभराचे मार्जिन, यांतले काहीही त्यासाठी लागत नाही. कच्च्या मालाचे पिंप उघडले की त्यातला नमुना तपासायचा आणि उत्तर मिळेपर्यंत माल पुढे सोडायचा नाही, एवढेच लागते. १८८४ साली वायली आणि त्यांचे सहकारी तपासणीच्या पद्धती ठरवायला बसले, ते याच साध्या कामासाठी.